कंठ फुटेपावेतो

नाटक कंपनीच्या मालकांनी आणि त्यांच्या गायनमास्तरांनी मिळून माझ्या धाकट्या भावाला फसवले. मालक वारले. गायनमास्तर जिवंत आहेत. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी रंगवलेल्या पडद्यांविषयी, पायपेटीच्या सुरांविषयी आणि फणसवाडीतल्या दुपारींविषयी लिहिणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारा जुन्या दिवसांत रमला. रमतोही. त्या दिवसांना गोडी होती, आणि त्या गोडीचाच मला जास्त राग येतो.

गेल्या आठवड्यात गिरगावातल्या त्या कंपनीच्या थिएटरात गेलो होतो. तिथे आता सिनेमा सुरू व्हायचा आहे आणि मालकांचा मुलगा जुने सामान विकतो आहे, असे कळले. माझा धंदा बारदानाचा. रिकामी गोणपाटे, किंतान, जाडेभरडे कापड, लोकांनी वापरून टाकलेले जे असेल ते मी घेतो, झाडतो, सांधतो आणि पुन्हा विकतो. नाटकाच्या पडद्यांचे कापड जाड असते, त्याला गिऱ्हाईक मिळते. म्हणून गेलो, असे मी घरी सांगितले.

पडदे खाली उतरवून खुर्च्यांवर पसरले होते. उघड्या दारांतून भर दुपारचे ऊन त्यांच्यावर पडले होते, आणि उन्हात ते फार केविलवाणे दिसत होते. राजवाडा, अरण्य, रस्ता. आणि सर्वांत शेवटी बागेचा पडदा. कमळांचे तळे, पांढरा जिना, तळ्यात दोन हंस. दुसऱ्या हंसाला रंगाऱ्याकडे जागा पुरली नव्हती, म्हणून त्याची मान उगाच मुरडलेली. सदू, माझा धाकटा भाऊ, नेहमी त्या हंसापुढे उभा राहून गायचा. मी कापडाला हात लावला तसे रंगाचे पोपडे बोटांना लागले, आणि सरसाचा, सफेद्याचा आणि ओल्या धुळीचा वास आला. तो वास छातीत गेला आणि मी कापडाचा पोत बघायचा विसरलो.

आम्ही परळच्या चाळीत राहत असू. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, आई देवगडकडची. गिरणीचा भोंगा झाला की सदू, अजून धड चालताही येत नव्हते तेव्हापासून, तोंड वर करून त्या भोंग्याचा सूर धरायचा. भोंगा थांबला तरी हा थांबायचा नाही. शेजारचे हसायचे. आई त्याला पोटाशी घेऊन सगळ्यांना सांगायची, "आमच्या सदूक कंठ फुटलो." पोपटाला फुटतो, कोकिळेला फुटतो, तसा. आमच्या घरात त्या शब्दाचा एवढाच अर्थ होता. मिशा येऊ लागल्या की मुलांचा आवाज बिघडतो, त्याला आमच्याकडे घोगरा होणे म्हणत. हे लक्षात असू द्यावे.

गणपती घरांतून रस्त्यावर आले ते नुकतेच. मेळे निघू लागले होते. लालबाग, परळ, दादर, जिथे तिथे मुले भगव्या टोप्या घालून दुपारभर पदे घोकत. आमच्या मेळ्याची तालीम एका वखारीत होई. मिरच्यांच्या पोत्यांमुळे पहिल्या पदातच सगळे शिंकत, आणि सदू न शिंकता गात राही. त्या वर्षी फणसवाडीतल्या एका शेटजींनी मेळ्यांतल्या मुलांची चढाओढ लावली. त्यांच्या अंगणात मांडव, मांडवाला आंब्याची पाने, कडेने बायका आणि मध्ये ताठ बसलेले परीक्षक. आमच्या आधी गिरगावातला एक मुलगा गायला. त्याने इतक्या हरकती घेतल्या की आमच्या मेळ्याच्या ढोलक्याने हळूच मला विचारले, "ह्याच्यापुढं आपला सदू काय गाणार रे?" सदू साधेच पद गायला. पण दुसऱ्या कडव्याला त्याने सूर वर नेला आणि तिथेच ठेवला, भोंग्याच्या वेळी ठेवायचा तसा, आणि मांडवातले पंखे हलायचे थांबले. शेटजींनी त्याला शेला आणि नारळ दिला. अकरा वर्षांचा तो. शेला पायांत येऊन दोनदा पडता पडता वाचला.

मांडवाबाहेर एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अंगाला अत्तराचा वास, हातात चांदीच्या मुठीची काठी. ते मालक. त्यांच्यामागे किडकिडीत, पान चघळणारे बुवा, कंपनीचे गायनमास्तर. मालक म्हणाले, मुलगा आम्हाला द्या, त्याला आम्ही नायिका करतो.

तेव्हा मी विशीत होतो. दाणाबंदरावर रिकामी पोती गोळा करता करता स्वतःची छोटी वखार केली होती. मोडी वाचायला रात्रशाळेत गेलो नव्हतो, पावत्या पाहून शिकलो होतो. मला फसवणारा अजून जन्माला यायचा आहे, अशा थाटात मी तेव्हा चालत असे.

कंपनीचे बिऱ्हाड फणसवाडीतच होते. आठ दिवसांनी मी तिथे बोलणी करायला गेलो. दुपारची वेळ. आतल्या खोलीत कुणी तबल्याला कणीक लावत होते, गच्चीवर शालू वाळत घातले होते, आणि नायिका होणारी मोठी मुले केस मोकळे सोडून, उघड्या अंगाने, कैऱ्या खात जिन्यात बसली होती. मी अटी घालत गेलो. मुलाला रोज तूप पाहिजे. रात्री हळदीचे दूध. दुसऱ्यांची भांडी घासायला लावायची नाहीत. मारायचे नाही. केसांना तेल आमच्याकडच्या नारळांचे. महिन्याला एक पत्र. मालक प्रत्येक अटीला मान डोलावत होते. पुढे धंद्यात ज्याने ज्याने असे चटकन हो म्हटले, त्याच्या गोणीच्या तळाशी मी हात घालून पाहिला. त्या दिवशी पाहिला नाही.

मी विचारले, किती वर्षे?

"वर्षांचं काय सांगणार?" मालक म्हणाले. "कंठ फुटेपर्यंत."

"आणि फुटल्यावर?"

"मग तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे."

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चढाओढ जिंकलेला मुलगा. वर्षा-दोन वर्षांत गळा पुरता उमलेल. तोवर खर्च ह्यांचा, शिकवणी ह्यांची, आणि तयार झाला की मोकळा. मला वाटले, एवढ्या मोठ्या कंपनीचा मालक आणि धंद्यातले काही कळत नाही. तरी पक्के करावे म्हणून मी म्हणालो, "कंठ फुटल्यावर दुसऱ्या कंपनीनं बोलावलं, तर तुम्ही अडवायचं नाही."

बुवा कागद लिहीत होते. त्यांचा बोरू थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले, मग मालकांकडे. पाहणे चांगले लांबले. बाहेर जिन्यात मुले कोयींवरून भांडत होती, ते मला अजून ऐकू येते.

"लिहा बुवा," मालक म्हणाले. "अडवणार नाही, असंही लिहा."

बुवांनी लिहिले. 'मुलाचा कंठ फुटेपावेतो मूल कंपनीकडे राहील. कंठ फुटल्यावर उभयपक्षी मोकळीक, दुसरीकडे जाण्यास अडवणूक नाही.' मी ते दोनदा वाचले आणि खाली सही केली. अंगठा नव्हे, सही. जाताना खुशीत दरवानालाही पेढा दिला.

त्यानंतरचे दिवस आठवतात ते वासांनी. सदूचे केस वाढले; आई देवगडाहून आलेले तेल बाटलीत भरून पाठवायची आणि तो आला की त्याच्या डोक्याला आमच्याच घराचा वास यायचा. कानांत भोके पाडली, ती पिकली, त्यांवर लावलेल्या हळदीचा वास. गालांच्या कडेला राहिलेला सफेदा. पहिल्या वर्षी सखी, दुसऱ्या वर्षी नायिकेची मैत्रीण, तिसऱ्या वर्षी खुद्द नायिका. मी पिटात बसायचो. बागेचा पडदा पडला, पायपेटीचा भाता हलला, की मी पुढे सरकून बसायचो. मग तो यायचा, मुरडलेल्या हंसापुढे उभा राहायचा, आणि पहिल्या सुराला माझ्या शेजारचे अनोळखी लोक एकमेकांकडे बघायचे. वन्स मोअर. पुन्हा वन्स मोअर. एकेका पदाला चार चार वेळा. मी स्वतः सगळ्यांत मोठ्याने ओरडायचो. एकदा पुढच्या रांगेतला एक कारकून वळून म्हणाला, "अहो, पोराला श्वास तरी घेऊ द्या." मी त्याला म्हणालो, तुला काय करायचेय, पोरगा माझा आहे.

मध्ये गाठीच्या तापाची, प्लेगची वर्षे आली. परळच्या चाळी अर्ध्या रिकाम्या झाल्या, दारांवर चुन्याच्या खुणा, गल्लीत कार्बोलिकचा दर्प. वडील गेले. कंपनी घाटावर निघून गेली. महिन्याचे पत्र मात्र यायचे, सदूच्या हातचे. त्यात शेवटी नेहमी एकच प्रश्न. दादा, अजून कंठ फुटला नाही का रे माझा? विचारले की मोठी मुले नुसती हसतात, बुवा म्हणतात वेळ आहे. त्याला मीच सांगून ठेवले होते की कंठ फुटला की आपण मोकळे. मग आपण म्हणू ती कंपनी, आपण म्हणू तो पार्ट, आणि आईजवळ घरी राहायचे. दुसरी मुले खेळण्याची वाट पाहतात तशी तो ह्याची वाट पाहत होता.

कंपनी मुंबईला परतली त्या श्रावणात एका दुपारी तो लालबागला माझ्या वखारीच्या दारात येऊन उभा राहिला. धावत आला होता. एका हातात नारळ, दुसऱ्यात घडी घातलेला शेला. टोपी काढली तर केस कापलेले.

"दादा, कंठ फुटला. बुवा स्वतः म्हणाले. मालकांनी नारळ दिला."

मुंबईत नारळ देणे म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी स्वतः हमालांना नारळ देत होतो. पण फणसवाडीच्या मांडवात त्याला असाच शेला आणि असाच नारळ मिळाला होता, आणि मला तेच दिसले. मी त्याला उचलला. चौदा वर्षांचा, माझ्या कानापर्यंत आलेला मुलगा, तरी उचलला. वखारीतल्या माणसांना पेढे वाटले. त्याचा आवाज फाटल्यासारखा येत होता. मी विचारले, तर म्हणाला, प्रवास झाला, वन्स मोअर फार झाले.

आईने मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली. मग थांबून त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "ह्येचो आवाज असो कसो रे? घोगरो झालो काय?"

मी तिच्यावर खेकसलो. तुला गाण्यातले काय कळते, म्हणालो. ती चुलीकडे वळली. तिला त्या घरात सगळ्यांत आधी कळले होते, आणि मी तिला गप्प केले.

मग मी त्याला इतर कंपन्यांत नेऊ लागलो. पहिल्या कंपनीत त्याने पद सुरू केले आणि दुसऱ्या ओळीला सूर तुटला. तिथले लोक म्हणाले, नंतर या. दुसऱ्या कंपनीतही तेच. मी आयुष्यभर बाजारात वावरलेला माणूस. मला वाटले, भाव पाडताहेत. माल चांगला असला की गिऱ्हाईक आधी नाक मुरडते. म्हणून मी सदूला सकाळी माहीमच्या किनाऱ्यावर नेऊ लागलो. समुद्राकडे तोंड करून उभा करायचा आणि म्हणायचे, वर ने, अजून वर. वाळत घातलेल्या बोंबलांचा खारट वास, दोरखंडांवर कावळे, आणि सदूच्या गळ्याच्या शिरा फुगलेल्या. एक कोळीण टोपली टेकवून बघत उभी राहिली. म्हणाली, "पोराचा गला बसलाय रं. घरा ने त्याला." मी तिला तिचे मासे बघायला सांगितले. महिना-सवा महिना असा गेला. सदू एकदाही नाही म्हणाला नाही. त्यालाही वाटत होते, कंठ फुटला आहे तर सूर आता येईलच. कुठेतरी आत अडकला आहे, जोर लावला की सुटेल.

तिसऱ्या कंपनीचे मास्तर म्हातारे होते. त्यांनी पहिल्याच ओळीला हात वर केला.

"अहो, याचा कंठ फुटलाय."

"फुटलाय म्हणून तर आणलाय," मी छाती काढून म्हणालो.

खोलीतले सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी सदूला जवळ बोलावून त्याच्या गळ्यावर दोन बोटे ठेवली आणि लहान मुलाला सांगावे तसे मला सांगितले, की वयात येताना मुलाचा आवाज मोडतो, त्यालाच नाटकवाले कंठ फुटणे म्हणतात. मग सहा महिने, वर्षभरसुद्धा, गुणगुणायचे नसते. गप्प राहिला तर पुष्कळांचा पुरुषी आवाज चांगला बसतो. "ह्यानं ओरडून जखम केलीय. गाऊ नकोस म्हणून याच्या बुवांनी सांगितलं नाही?"

सदू माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाही. बुवा म्हणाले, जा, दादाला सांग."

परळपर्यंत आम्ही चालत आलो.

आवाज बसला नाही. एक वर्ष तो एका फुटकळ कंपनीत भालदार झाला, भाला धरून सिंहासनामागे उभा राहायचा. राणी गात असताना त्याचे ओठ हलतात म्हणून तिथूनही काढले. मग साचेखात्यात, वडिलांच्याच जागी लागला. अजून तिथेच आहे. बोलतो तेव्हा समोरच्याला कान पुढे करावा लागतो. गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवतो, तोंड मिटून. मी काही बोलू लागलो की म्हणतो, "दादा, जाऊ दे. साच्यांच्या आवाजात कुणाचंच ऐकू येत नाही." त्याने मला कधीच दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडून मोकळा झालो असतो.

त्या वेळी मी मालकांना गाठले होते. थिएटरच्या पायऱ्यांवर, दहा माणसांदेखत, गळपट्टी धरली. ते शांतपणे म्हणाले, "वाचून सही केलीत ना? शब्द मराठीच होता. आम्हाला काय ठाऊक, तुम्हाला त्याचा अर्थ ठाऊक नाही ते?" ह्या उत्तरापुढे मी हात सोडला. आणि इतकी वर्षे, संतापाच्या खाली कुठेतरी, मला वाटत आले की खरेच असेल. शब्द त्यांचा एक, आमचा दुसरा. कुणाचा इलाज नव्हता. माझी चूक, त्यांचीही चूक, पोराचे नशीब. त्या विचारावर मी कितीदा झोपलो आहे.

गेल्या आठवड्यात बागेच्या पडद्याशी मी उभा होतो तेव्हा मालकांचा मुलगा शेजारी आला. पन्नाशीचा, वडिलांसारखाच हसतमुख. मी बारदानवाला म्हटल्यावर त्याला मौज वाटली. मी कोण, ते त्याला माहीत नव्हते.

"बारदानवाल्याची आमच्याकडे एक गोष्टच आहे," तो म्हणाला. "बाबा जेवायला पाहुणे आले की सांगायचे. परळचा एक बारदानवाला भावाला घेऊन आला. कंठ फुटणं म्हणजे गळा तयार होणं, असं त्याच्या डोक्यात. वर आम्हालाच दटावतोय, की फुटल्यावर दुसऱ्या कंपनीला दिला तर अडवायचं नाही! बुवांना हसू आवरेना. तो जिना उतरून जाईपर्यंत त्यांनी तोंडात उपरणं कोंबलं होतं."

मी विचारले, मग त्या माणसाला कुणी समजावले नाही?

"बाबा म्हणायचे, समजावलं असतं तर मुलगा हातचा गेला असता." मग पडद्याकडे बघत तो म्हणाला, "गोष्ट खरी रंगवावी बुवांनीच. आहेत अजून, फणसवाडीतच. गायनाचा वर्ग चालवतात. येत्या महिन्यात शिष्यमंडळी त्यांचा सत्कार करताहेत."

मी पडदा घेतला नाही. त्याने दोनदा भाव खाली आणला.

म्हणून, बुवा, हे तुमच्यासाठी लिहिले आहे. सत्काराच्या दिवशी ते छापून तुमच्या हातात पडेल, एवढी व्यवस्था मी करणार आहे. मालकांचा धंदा होता. त्यांनी मला बनवले, तो दोन बाजारी माणसांतला मामला होता आणि मी त्यात हरलो. किनाऱ्यावर उभे करून पोराचा गळा मीच फाडला, तेही मी कबूल करतो; इथे, छापून, पहिल्यांदा. पण कागद लिहिताना तुम्ही मान वर करून पाहिलेत. मला काय वाटते आहे, ते तुम्हाला त्याच क्षणी कळले होते. ते हसण्यावारी नेलेत, नेलेत. तीन वर्षांनी मात्र तोच मुलगा, ज्याला तुम्ही सरगम शिकवलीत, ज्याच्या पाठीवर हात ठेवून तुम्ही त्याला पदे सांगितलीत, तुमच्यापुढे आनंदाने उभा होता आणि घरी धावत सुटणार होता. तेव्हा कंपनीचे त्याच्याशी काहीच घेणे उरले नव्हते. खरे सांगून तुमचे काही जाणार नव्हते, मालकांचेही नाही. सहा महिने गाऊ नकोस, एवढेच म्हणायचे होते. का म्हणाला नाहीत? मला सांगू नका. परळला चला, साचेखाते सुटायच्या वेळी दारात उभे राहा, आणि सदूला सांगा.